माथा, माथा, पायथा बोलतेय

बाबा, उद्या सोसायटीत जुनी इलेक्ट्रॉनिक उपकरणं गोळा करणारी गाडी येणार आहे. आई आठवडाभर कपाटं रिकामी करते आहे, आणि आज दुपारची जेवणं झाल्यावर तिने तुमचा वायरलेस सेट माझ्यासमोर टेबलावर आणून ठेवला. टेकडीवरून तो ज्या कापडी पिशवीतून परत आला होता, त्याच पिशवीत. "हा द्यायचा का ठेवायचा ते तू बघ," म्हणाली आणि मेथी निवडायला बसली. मला एवढं कळलं की हा सेट ती स्वतः उचलून गाडीत टाकणार नाही.

सेट बाहेर काढला तर बॅटरी फुगलेली. पाठीला पोक आल्यासारखी. इतकी वर्षं बंद कपाटात पडलेल्या बॅटरीचं असं होतं, त्यात आश्चर्य नाही. ती चार्जिंगला लावायची नाही, दाबून पुन्हा बसवायची नाही, स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायची तर अजिबात नाही. मी ती हळूच सरकवून वेगळी केली, टोकांना चिकटपट्टी लावली आणि बाल्कनीत एका रिकाम्या कुंडीत वाळू घालून तिच्यात ठेवली. आईने मेथीवरून नजर न उचलता विचारलं, "आता तिथे काय पेरलंस?" अँटेना कुणीतरी तेव्हाच काढून पिशवीच्या तळाशी टाकली होती. म्हणजे समोर उरला तो नुसता सेट. बॅटरी नाही, अँटेना नाही. बाजूला बोलायचं बटण.

ऑफिसात मी दिवसभर असलीच उपकरणं तपासते. कोथरूडला, चौथ्या मजल्यावर, धातूच्या बंद खोलीत, जिथे बाहेरची एकही लहर आत येत नाही. तिथे काम करताना तुमची आठवण येते का, असं मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलंही नाही. पण तिथल्या नव्या मुलांनी सेट अँटेनाला धरून उचलला की माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघतं, "सेट आहे तो, लाटणं नाही." आणि अँटेना न लावता कुणी बटण दाबायला गेलं तर माझा हात त्याच्या आधी पुढे जातो. शक्तीला बाहेर जायला वाट नसेल तर ती आतलंच काहीतरी जाळते. हे मी पुढे पुस्तकात शिकले. त्याआधी कितीतरी वर्षं ते मी आपल्या धायरीच्या घरात, स्वयंपाकघराच्या ओट्याशी ऐकलेलं होतं.

दुकान फाट्यावर होतं, पण चार्जिंग घरी. चार्जिंगला लावून कुलूप घालून निघून जायचं नाही, हा तुमचा नियम. त्यामुळे मंगल कार्यालयांना, बांधकामांना, स्पर्धांना भाड्याने दिलेले सेट संध्याकाळी परत आले की तुम्ही ते पिशव्या भरून घरी आणायचात. आधी ओलसर फडक्याने घाम आणि धूळ पुसायची. मग माझ्या कंपासपेटीतला खोडरबर घेऊन बॅटरीचे पितळी ठिपके चकचकीत होईपर्यंत घासायचे. उन्हातून आलेला सेट गार झाल्याशिवाय चार्जरवर ठेवायचा नाही. मग मिक्सरच्या शेजारी सगळे ओळीने उभे, प्रत्येकासमोर लाल दिवा, आणि एकेक करून हिरवा होत जाणारा. आई म्हणायची, "देवापुढे एक दिवा आणि यांच्या सेटांपुढे बारा." तुम्ही म्हणायचात, "देव भाड्याने जात नाही." त्या रात्री ती पोळी जरा जोरात वाढायची.

तुम्ही मला एकदाच रागावलात. मी सहावीत असेन. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, तुम्ही एक सेट घेऊन चाचणीसाठी रस्त्याच्या पलीकडे गेला होतात, दुसरा माझ्या हातात. मी बटण दाबलं आणि एका दमात म्हणाले, "बाबा बाबा कुठे आहात?" तुम्ही उत्तर दिलं नाहीत. रस्ता ओलांडून परत आलात, सेट माझ्या हातातून घेतलात आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणालात, "हवेत नाती नसतात. हवेत जागा असतात. एका चॅनलवर दहा बाप असतील, कुणी उत्तर द्यायचं?" मग शिकवलंत. बटण दाबायचं, एक श्वास थांबायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग आपलं. नाव म्हणजे जागेचं. सेट तोंडापासून वीतभर लांब आणि उभा, आडवा धरलेला सेट अर्ध्या आवाजात बोलतो. बोलून झालं की ओव्हर, आणि बटण सोडायचं. बटण सोडल्याशिवाय ऐकू येत नाही. हे शेवटचं तुम्ही दोनदा सांगितलंत. आणि तोंड मोकळं नसेल तर बटण नुसतं दोनदा टिचकीसारखं दाबायचं. त्याचा अर्थ, ऐकलं, आत्ता बोलता येत नाही. त्या दिवसापासून सेटवर मी तुम्हाला बाबा म्हटलं नाही.

एका लग्नात कार्यालयाचा रखवालदार सेटवरच बसला होता, ते आठवतं का? मांडीखाली बटण दाबलं गेलेलं आणि हा मोबाइलवर भावाशी सासूबद्दल बोलतोय. पार्किंगपासून भटारखान्यापर्यंत सगळे सेट ती सासू ऐकतायत, आणि दुसऱ्या कुणाला एक शब्द बोलता येत नाही. वऱ्हाडाची बस गेटवर अडकून पडली. त्यानंतर तुम्ही घरी बसून प्रत्येक सेटला वेळेची मर्यादा घातलीत. बटण दाबून मिनिट झालं की सेट स्वतःच बोलणं तोडणार. पुन्हा बोलायचं असेल तर अंगठा उचलून पुन्हा दाबायला हवं. "आता कुणाचीही सासू मिनिटापेक्षा जास्त नाही," असं म्हणाला होतात.

ही मर्यादा नसती तर माझं बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं आहे.

ती धावण्याची स्पर्धा होती. माझी दहावीची परीक्षा संपलेली. टेकडीच्या पलीकडच्या उतारावरून खाली सिग्नल पोचत नव्हता, म्हणून माथ्यावर एक माणूस हवा होता, तिकडचं ऐकून इकडे सांगणारा. ती जागा तुम्ही घेतलीत, आणि नेहमीसारखा स्वतःसाठी सगळ्यात वाईट सेट. चांगले सेट गिऱ्हाइकाला, पेशंट आपल्याला. त्या पेशंटच्या बटणावरचं रबर कोपऱ्यात फाटलं होतं. धूळ आत जायची, बटण कधी दाबलेलंच राहायचं, कधी आपोआप सुटायचं. बदलायचंय, बदलायचंय, म्हणत होतात. तुम्ही माथा. मी खाली मंडपात, पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यांशेजारी, पायथा.

सकाळ आहे. ऊन अजून कोवळं आहे. तुमचा आवाज येतो, "पायथा, माथा बोलतोय. शेवटचा धावणारा वळणावरून पुढे गेला. ओव्हर." स्वच्छ आवाज. मी उत्तर देते. मग बराच वेळ काही नाही. मग माझ्या सेटचा हिरवा दिवा लागतो, म्हणजे तिकडे बटण दाबलं गेलंय, पण शब्द येत नाहीत. वारा येतो. कापड कशावर तरी घासल्याचा आवाज येतो. मला वाटतं, पेशंटचं बटण अडकलं. मिनिटभराने तुटतं. मर्यादा. मग पुन्हा हिरवा दिवा, पुन्हा वारा, पुन्हा तुटतं. त्या मधल्या शांततेत मी बटण दाबते, एक श्वास थांबते आणि म्हणते, "माथा, माथा, पायथा बोलतेय. ऐकू येतंय का? ओव्हर." सोडते. थोड्या वेळाने दोन छोटे आवाज. खस्. खस्. त्यानंतर काहीच नाही.

आयोजकांनी दोघांना वर पिटाळलं. तुम्ही दगडाला टेकून बसलेले सापडलात. त्यांच्यातला एकजण नंतर आईला सांगत होता, सेट छातीशी उभा धरला होता, उदबत्ती धरावी तसा. डॉक्टर म्हणाले, हृदय. एका क्षणात गेले असणार, काही कळलंही नसेल. आईने ते वाक्य तेव्हा घेतलं ते अजून सोडलेलं नाही. भेटायला आलेल्या प्रत्येकाला तिने तेच सांगितलं. "एका क्षणात. त्रास नाही झाला." मी शेजारी बसून चहाचे कप गोळा करत होते.

तेव्हापासून माझ्याकडे दोन शक्यता आहेत, आणि दोन्ही मी नीट तपासल्या आहेत. पहिली, बटण खराब होतं. तुम्ही डॉक्टर म्हणाले तसे गेलात, अंगठ्याचा भार बटणावर राहिला, धुळीने भरलेलं बटण अडकत सुटत राहिलं, आणि ते दोन आवाजही त्यातलेच. यात तुम्हाला काही कळलं नाही. आणि मी ज्याला हाक मारली तो तिथे नव्हता. दुसरी, बटण चांगलं होतं. मग ते मिनिटाने तुटून पुन्हा लागलं याचा अर्थ अंगठा उचलला गेला आणि पुन्हा दाबला गेला. कुणीतरी ते केलं. मग तुम्ही त्या दगडाशी बसून, बोलता येत नसताना, मिनिटामागून मिनिट मला कळवत होतात. आणि मग तुम्ही माझी हाक ऐकलीत आणि उत्तर दिलंत. पहिलीत त्रास नाही आणि मी नाही. दुसरीत दोन्ही आहे. सेट उघडला की दहा मिनिटांत कळण्यासारखं होतं. मी इंजिनियर झाले, दुसऱ्यांचे शेकडो सेट उघडले, आणि घरातलं ते कपाट उघडलं नाही. सेट उघडला नव्हता तोवर मला दोन्हींपैकी एकही निवडावी लागत नव्हती.

आज उघडला. मागचे स्क्रू काढले, झाकण सरकवलं. तुमचं काम मी कुठेही ओळखेन. दुरुस्त केलेल्या भागाशेजारी तुम्ही आईच्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचात, पुढच्या खेपेला कळावं म्हणून. बटणाच्या पट्टीला लागून लाल ठिपका होता. ताजा असताना जरासा पसरलेला. रबर अख्खं होतं. काळं, मऊ, कोपरे शाबूत. त्याखालची धातूची टिकली नवी, आसपास धुळीचा कण नाही. मी मीटर लावला आणि बटण दाबत राहिले. दाबलं की जोड, सोडलं की तोड. अडकणं नाही, थरथरणं नाही. मी थांबायला हवं होतं त्यापेक्षा जास्त वेळा दाबलं.

मीटरचा आवाज ऐकून आईने विचारलं, "काय निघालं?"

"रबर बदललेलं होतं."

"मग चालत होता म्हणायचा."

"हो. व्यवस्थित."

ती काही वेळ मेथीच्या काड्या वेगळ्या करत राहिली. मग म्हणाली, "त्या स्पर्धेच्या आठवड्यात माझी लाल बाटली सापडत नव्हती. विचारलं तर म्हणाले, पेशंटला लावली." आणि जरा हसली. मी तिच्याकडे पाहिलं. तिला रबराचा आणि त्या एका क्षणाचा संबंध लागला की नाही, मला सांगता येणार नाही. घरात बारा सेट चार्ज होताना त्या मर्यादेवर तुमचं व्याख्यान तिने माझ्याइतक्याच वेळा ऐकलं आहे. ती उठली, मेथी धुवायला गेली आणि नळ नेहमीपेक्षा मोठा सोडला. तिचं वाक्य तिच्याकडे असू दे.

मला आता माहीत आहे ते असं. तुम्ही जिवंत होतात, एकटे होतात, आणि मी खाली सावलीत बसून बटण अडकलंय असं समजत होते. आणि तुम्ही ऐकलंत. पण ऐकलंत ते काय, तर पायथा बोलतेय. तुमच्याच नियमाने, नाव आधी, जागेचं, ओव्हर शेवटी. त्यात चूक काहीच नव्हती. तुम्हाला ती शिस्त ऐकून बरं वाटलं असेल, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. हवेत नाती नसतात हे तुम्ही म्हणाला होतात. त्या दगडाशी बसून तुम्ही तेच म्हणाला असतात का, एवढं मात्र कुठल्याच मीटरवर दिसत नाही.

बॅटरी उद्या गाडीत देईन, चिकटपट्टीसकट, इतर वस्तूंपासून वेगळी, आणि त्या माणसाला तसं सांगेन. सेट ठेवते आहे. हा कागद कुठे पाठवायचा नाही, तो या सेटच्याच पिशवीत जाईल. एक गोष्ट राहिली, ती फक्त इथे लिहिते. झाकण पुन्हा बसवल्यावर मी सेट डाव्या हातात उभा धरला, वीतभर लांब. बॅटरी नाही, अँटेना नाही, म्हणजे जळण्यासारखं काही नाही आणि पोचण्यासारखंही काही नाही. हे तपासूनच मी बटण दाबलं. एक श्वास थांबले. मग म्हणाले, "बाबा." आई नळाशी होती, तिला ऐकू गेलं नसावं. हे सगळं मी उजव्या हाताने लिहिते आहे. डाव्या हाताचा अंगठा दुखायला लागलाय, पण बटण मी अजून सोडलेलं नाही. सोडलं की ऐकावं लागेल.