पाठीमागची सहा बटणे

मी, एल्बिया दोमिंगा आराम्बिदे, वय वर्षे ऐंशी, धंदा शिवणकाम, राहणार दुरास्नो, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचे शेवटून दुसरे घर, हे मृत्युपत्र माझ्याच जेवणाच्या टेबलाशी बसून, नोटरी ग्रासिएला बेरुत्ती यांना तोंडी सांगून लिहवून घेत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही; तशी हिंमत गेल्या पन्नास वर्षांत कोणी केलेली नाही. डोके ठिकाणावर आहे की नाही हे पाहायला नोटरीबाईंनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि शाळा उघडायला वीस दिवस उरले आहेत हेही सांगितले. ते त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या पहिलीच्या शाळेच्या डगल्याचे माप माझ्या वहीत आहे, आणि माप देताना ही मुलगी एक क्षण स्थिर उभी राहत नाही, अशी शेजारी नोंद आहे.

माझ्यामागे जे राहील त्याची व्यवस्था पुढीलप्रमाणे करावी.

कलम १. राहते घर माझा मुलगा मिल्तोन याला मिळावे. कायद्याने ते त्याचेच आहे. कायदा नसता तरी मी दिले असते, पण थोडे ताणून दिले असते. अंगणातले लिंबाचे झाड त्याने तोडू नये. मोंतेविदेओत राहून त्याला फक्त झाडाचा पाचोळा दिसतो. त्या झाडाच्या लिंबांनी या गावातल्या निम्म्या पोरांच्या कपड्यांवरचे शाईचे डाग निघाले आहेत, आणि त्याच्या स्वतःच्या डगल्यावरचे तर मोजता येणार नाहीत इतके. लहानपणी लाकडी कंपासपेटी त्याने गोट्यांच्या बदल्यात दिली होती, तिचा राग मी आजपासून सोडला आहे. बँकेत जे असेल त्यातून माझे शेवटचे सगळे करावे. फुले कमी आणावीत.

कलम २. पायाने चालवायचे काळे शिलाई मशीन, मोठी कात्री, अंगुस्तान आणि जड इस्त्री माझी नात यामिला हिला. यामिला मला म्हणाली होती, "आजी, माझं बटण तुटलं की मी शर्टच नवा घेते." तिला मशीनचा उपयोग नाही हे मला समजते. तरी ते तिच्याकडेच राहावे, कारण लहानपणी तापात पडली की ती मशीनचा आवाज ऐकल्याशिवाय झोपत नसे. कात्रीने मात्र कागद कापू नये. कापला तर मला कळेल.

कलम ३. डगल्यांचे कागदी साचे आणि मापांच्या वह्या शाळेच्या कपाटात ठेवायला द्याव्यात. शाळेने नको म्हटले तर पुन्हा एकदा विचारावे. वह्या चाळणाऱ्याला कळावे म्हणून येथे थोडे सांगून ठेवते.

आमच्याकडे गरीब-श्रीमंत सगळी पोरे शाळेत पांढरा डगला आणि गळ्याशी निळ्या फितीचा बो घालून जातात, हे काही बदललेले नाही. बदलली ती तयारी. माझ्या आईचा डगला पिठाच्या पोत्याचा होता. पोत्यावरचा छाप उकळून उकळून निघेना, म्हणून तिच्या पाठीवर दोन वर्षे ‘उत्तम दर्जा’ ही अक्षरे होती. तिसऱ्या वर्षी अक्षरे गेली आणि तिची शाळाही गेली. आमच्या वेळी फेब्रुवारी आला की कापड यायचे. खाली तीन चुण्या घालायच्या आणि दरवर्षी एकेक उसवायची. डगला वाढत्या अंगाबरोबर वाढायचा. मग नीळ, मग खळ, मग इस्त्री. बो ओला असतानाच दाबायचा, म्हणजे तो दिवसभर ताठ राहतो. मिल्तोनच्या वेळी न चुरगळणारे मिश्र कापड आले आणि खळ गेली. यामिलाच्या वेळी बोला इलॅस्टिक लागले. त्या बोला मी बो म्हणत नाही. ते मांजराच्या गळ्यातले आहे. आता पणती माइतेची तयारी चालली आहे, ती यामिलाने बसल्या जागी फोनवर अंगठ्याने केली. डगले सुपरमार्केटातून मांसाच्या काउंटरशेजारून आले, दप्तराला चाके आहेत, आणि सरकारने दिलेला छोटा संगणक आदल्या दिवशी चार्जिंगला लावला की झाली शाळेची तयारी. मी नाक मुरडले, पण खरे सांगायचे तर शाळेच्या पहिल्या सकाळी पोर दाराला जसे धरून राहते तसेच ते पोत्याच्या डगल्यातही धरून राहत होते. माइते परवा मला विचारत होती, बाई रागावल्या तर घरी येता येते का. माझ्या आईनेही तिच्या आईला हेच विचारले असणार.

वह्या चाळताना आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. मी १९६३ साली शिवायला बसले तेव्हा सगळ्या डगल्यांना बटणे पाठीमागे असत. घालणाऱ्याला ती स्वतः लावता येत नाहीत. बहीण, आई, शेजारीण, कोणीतरी लागतेच. मी पहिल्या डगल्यापासून बटणे पुढे लावली. मोठ्या बाई विचारायला घरी आल्या. लोक म्हणाले, एल्बिया कामचुकार आहे. पुढे सगळीकडेच बटणे पुढे आली आणि लोक म्हणू लागले की एल्बियाला फॅशन आधी कळते. दोन्ही खोटे. खरे कारण पाचव्या कलमात आहे.

कलम ४. टेबलावर माइतेचा डगला आहे. शिवून झाला आहे, बटणे तेवढी राहिली आहेत. यामिलाशी ठरले आहे की पहिल्या दिवशी माइते हा घालेल आणि दुसऱ्या दिवसापासून मांसाच्या काउंटरचा. तोपर्यंत मी नसले तर बटणे पुढे लावून घ्यावीत. पोरीने आपली बटणे आपण लावावीत. पाठीमागे कोण काय करते ते तिला दिसत नाही.

कलम ५. नीदिया सोसा हिला मी काहीही देत नाही.

हे वाक्य नोटरीबाईंनी मला दोनदा विचारून लिहिले, कारण नीदिया माझी जन्मापासूनची शेजारीण आहे आणि रोज चार वाजता काखेत थर्मास धरून कडू चहा पाजायला येते हे त्यांनाही माहीत आहे. लोक म्हणतील दोघींचे बिनसले. तसे नाही. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, आणि सह्यांच्या आधी मृत्युपत्र साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचतात, असे मला नोटरीबाईंकडून कळले. नीदियाने हे माझ्यासमोर बसून, मी जिवंत असताना ऐकावे अशी माझी इच्छा आहे. मी गेल्यावर कळले तर तिला मला शिव्याही घालता येणार नाहीत. हे लिहिताना ती बाहेर लिंबाखाली बसली आहे आणि किती वेळ लागणार म्हणून दोनदा विचारून गेली आहे.

तर ऐक, नीदिया. १९५६ सालचा मार्च. आपले शाळेचे शेवटचे वर्ष. दोन घरांत मिळून कापड एकाच डगल्याचे आले होते, म्हणून मी सकाळच्या पाळीला आणि तू दुपारच्या. रोज बाराला पिठाच्या गिरणीमागच्या भिंतीआड मी डगला काढायची, तू हात पुढे करायचीस, मी बाह्या चढवायची आणि पाठीमागची सहा बटणे लावायची. आदल्या वर्षाच्या शेवटी सगळ्या शाळेने मते देऊन झेंडा धरायला मुलगी निवडली होती. तू निवडून आलीस. मी दोन मतांनी हरले. शाळा उघडण्याच्या दिवशी दुपारी तू झेंडा घेऊन उभी राहणार होतीस, त्याच नव्या कोऱ्या डगल्यात.

सकाळची शाळा सुटली. वर्ग रिकामा झाल्यावर मी डगला बाकावर पसरला आणि कॉलरच्या खाली, पाठीच्या बाजूला, दौत ओतली. माझा धक्का लागला नाही. मी ती ओतली. मग भिंतीआड डागाची बाजू माझ्याकडे धरून तुला बाह्या चढवल्या आणि खालून वर सहा बटणे लावली. शेवटच्या बटणाला डाग माझ्या बोटांखाली होता. मी म्हणाले, "जा, उशीर होईल."

पुढचे गावाला माहीत आहे. मागच्या रांगेत आधी कुजबूज झाली, मग हसू आले, मग बाईंनी तुझ्या हातातला झेंडा काढून दुसऱ्या मुलीच्या हातात दिला. बाकाला टेकले आणि शाई लागली, असे तू घरी सांगितलेस. तुझ्या आईने लिंबू चोळले, दोनदा उकळला, तरी फिकट जांभळा डाग राहिलाच. वर्षभर दुपारी तो तुझ्या पाठीवर असे आणि सकाळी माझ्या. मी तुझ्या चार मुलांचे आणि नऊ नातवंडांचे डगले शिवले, आणि प्रत्येकाची बटणे पुढे लावली. तू मला आळशी म्हणालीस. मी ऐकून घेतले. माझे तुझ्यावर फार प्रेम आहे आणि मी तुझ्याशी फार वाईट वागले, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकोणसत्तर वर्षांत मला दुसरी सांगता आली नाही, म्हणून पहिलीही कधी सांगितली नाही.

कलम ६. हे वाचल्यावर नीदिया उठून गेली तर तिला कोणी अडवू नये, मागे जाऊ नये, आणि तिला थर्मास विसरू देऊ नये. तिच्या जागी समोरच्या बेकरीवाल्याला साक्षीला बोलवावे. तो तीनपर्यंत रिकामाच असतो. नोटरीबाई म्हणाल्या, "एल्बियाबाई, असलं कलम मी आजवर लिहिलेलं नाही." मी म्हटले, "मग आज लिहा."

येणेप्रमाणे माझी अंतिम इच्छा आहे. याआधीचे काही कुठे लिहिलेले सापडले तर ते कपड्यांचे माप समजावे.

*नोटरीची नोंद.* वरील मजकूर मी तीनही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. पाचवे कलम संपल्यावर साक्षीदार नीदिया सोसा खुर्चीवरून उठल्या नाहीत. सही करण्यापूर्वी आपले म्हणणे जसेच्या तसे लिहून घ्यावे, अशी त्यांनी विनंती केली. ते असे:

"लिहा. मला भिंतीआडच कळलं होतं. शाई ओली होती, पाठीला गार लागली. आणि एरवी हिचे हात झरझर चालायचे, त्या दिवशी सहा बटणांना हिला जन्म लागला."

कळले होते तर परत का फिरला नाहीत, असे मी विचारले. हा प्रश्न कायद्याला धरून नव्हता.

"फिरले असते तर आमच्या आईला कळलं असतं. कापड दोन घरांचं होतं. दोघी आया भांडल्या असत्या, डगला एका घरी राहिला असता, आणि शिवला होता आमच्या घरी. म्हणजे एल्बियाची शाळा त्याच दिवशी संपली असती. मग मी रोज दुपारी बटणं कोणाकडून लावून घेणार होते?"

यानंतर साक्षीदार खुर्ची फिरवून मृत्युपत्र करणारीकडे वळल्या. मग त्यांना म्हणाल्या, "साठ वर्षं अख्ख्या गावाची बटणं पुढे आणलीस. मला एकदा विचारायचंस तरी, बावळट."

त्यावर मृत्युपत्र करणारीने चौथ्या कलमात पुढील दुरुस्ती सांगितली व ती सर्वांसमोर वाचण्यात आली: माइतेच्या डगल्याला बटणे पाठीमागे लावावीत, सहा. शाळा उघडण्याच्या दिवशी सकाळी ती नीदिया सोसा यांनी लावावीत. ही देणगी नसून काम आहे, त्यामुळे त्यांच्या साक्षीला बाध येत नाही, असे माझे मत आहे.

साक्षीदार:
१. नीदिया सोसा, वय ८०, शेजारीण (सही)
२. ओमार बेंतानकूर, वय ५१, शाळेचे शिपाई (सही)
३. तेरेसिता फागुन्देस, वय ६६, निवृत्त शिक्षिका (सही)

मृत्युपत्र करणारी: एल्बिया दोमिंगा आराम्बिदे (सही)

सहीवर पाण्याचे दोन थेंब पडून शाई पसरली आहे. सही त्यांचीच आहे. पुन्हा करता का, असे मी विचारले. साक्षीदार नीदिया सोसा म्हणाल्या, राहू द्या, डागाची आम्हाला सवय आहे.

ठिकाण: दुरास्नो. दिनांक: मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५.

ग्रासिएला बेरुत्ती, नोटरी (सही)