घाटातले धुके

९ जानेवारी २००४, शुक्रवार. कामठा

बाजारातून आणले: हातमोजे दोन जोड, साठ रुपये. कानटोपी एक, पंचवीस. नारळ चार, खण एक, उदबत्तीचा पुडा. मोज्यांची एकच जोड पुरली असती. स्कूटरवर मागे बसणाऱ्याचे हात शालीत राहतात. पण यांनी ऐकले नाही.

आमच्या लेकाच्या, लोकेंद्रच्या नोकरीचा नवस दोन वर्षांपासून अंगावर आहे— नागऱ्याच्या महादेवाला अभिषेक, आणि सालेकशाच्या पुढे डोंगरावरच्या देवीची ओटी, दोघांनी जोडीने. दर हिवाळ्यात मी आठवण द्यायची आणि हे म्हणायचे, "देव काय पळून चालला?" यंदा स्वतःच म्हणाले, "चाल, सोमवारी निघू. स्कूटरनं." देवानेच बुद्धी दिली म्हणायची.

१२ जानेवारी, सोमवार. सालेकसा, शामकलाबाईकडे

अंधारातच निघालो. थंडी अशी की बोटे आहेत की गळाली ते कळेना. मोजे घेतले ते बरे झाले. नागऱ्याला पहिला अभिषेक आमचा. हे कधी गाभाऱ्यात येत नाहीत, चपला राखत बाहेर बसतात. आज आत आले. नंतर देवळाच्या दगडावरची नक्षी हाताने चाचपत एक फेरी मारली.

आमगाव सोडल्यावर मी सवयीने सांगू लागले— पुढे बैलबंडी आहे, बकऱ्या आहेत. त्यावर "मागून ड्रायव्हरी नोको करू" हे यांचे ठरलेले. आज काहीच बोलले नाहीत, म्हणून मीच गप्प झाले. तर म्हणतात, "काऊन चूप झाली? बोलत राय."

रात्री शामकलाबाईला, माझ्या मोठ्या बहिणीला, सांगितले. तिला हसू आवरेना. "पंचवीस वर्सानं जवायाले बायकोचा आवाज गोड लागून रायला वं!"

१३ जानेवारी, मंगळवार

सकाळी शेतांवर धुके होते. दरेकसा मागे पडले, घाट लागला, तसे धुके खाली राहिले. बांबूंवर ऊन आले. एका वळणावर यांनी गाडी अगदी हळू केली, हॉर्न वाजवला. समोर कोणी नव्हते.

"धुकं भारी हाय," म्हणाले.

मी खांद्यावरून पुढे पाहिले. रस्ता उघडा होता. वर लांब एक बाई मोळी घेऊन उतरत होती, तिच्या लुगड्याचे हिरवे काठ मला दिसत होते. धुके नव्हतेच.

परत फिरा म्हणावे, तर ओटी घेऊन निघालेली बाई अर्ध्या वाटेतून फिरत नाही. दोन वर्षांनी फिटणारा नवस लेकरावर उलटायचा. पुढे जावे, तर उजवीकडे दरी.

"हो जी, भारी हाय," म्हटले. "हळू घ्या. डाव्या अंगानं. आता गड्डा. आता वळण— उजवीकडं."

देवीच्या पायऱ्यांपर्यंत बोलत राहिले. घसा सुकला तरी थांबले नाही.

ओटी भरली. हे मूर्तीच्या इतके जवळ गेले की पुजारी म्हणाला, "भाऊ, झालं दर्शन, सरका आता. देवीले श्वास तं घेऊ द्या." बाहेर आल्यावर मला उन्हात नेले.

"इथं उभी राय."

"काऊन जी?"

"पायतो."

लोक बघत होते. मला लाज वाटली. अर्धा नारळ शामकलाबाईसाठी पदरात बांधून घेतला.

१४ जानेवारी, बुधवार

घरी सुखरूप. नवस फिटला.

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. तिळाचे लाडू यंदा थोडेच केले. धुक्याचे ते बोलले नाहीत, मीही नाही.

१७ जानेवारी, शनिवार

माझे डोळे दुखतात, सोबत चला, असे खोटे सांगून यांना बसने गोंदियाला नेले. डोळ्यांचे डॉक्टर मला विसरून यांनाच म्हणाले, "फिर आ गए भाईसाब? दवा डाल रहे हैं ना?"

मग मला सांगितले. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांना. गेली ती नजर परत येत नाही. राहिली ती थेंबांनी टिकली तर टिकेल. यांना दिवाळीतच सांगितले होते. गाडी चालवू नका, हेही.

रस्त्यावर आलो. मी काही विचारायच्या आधीच हे म्हणाले, "दिवाळीत तुले सांगतलं असतं, तं तू मले घाटात जाऊ देलं असतं का?"

नसते दिले.

"मंग? तुहा नवस तसाच रायला असता. अन् मलेही एकदा पायचं होतं सारं."

बसमध्ये खिडकीची जागा यांना दिली. थेंबांची बाटली महाग आहे. चहा एक वेळचा बंद करता येईल.

२७ जानेवारी, मंगळवार

लोकेंद्रला नागपूरला पत्र टाकले. फोनवर बोलता येत नाही, हे बाजूलाच बसतात. त्यात लिहिले ते असे: बाबांच्या डोळ्यांचे वर लिहिलेच आहे. त्यांना रागावू नकोस. स्कूटर विकायची नाही. अंगणवाडीच्या रविताबाई मला शाळेच्या पटांगणात शिकवून राहिल्या आहेत, दुसऱ्या गेअरपर्यंत आले. दोनदा पडले, विशेष लागले नाही. शिवरात्रीला बाबांना आपल्या इकडच्या प्रतापगडची जत्रा पाहायची आहे. ते मागे बसतील. मॅट्रिक पास बाईला, वय सेहेचाळीस, लायसन मिळते का, उलट टपाली कळव.