बंगल्यातल्या पोरीचं नाव

आई, आधी हे सांग, मी कोण ते आठवतंय का? की म्हणशील, ही कुठली म्हातारी गळ्यात पडायला आलीय? तुझं विसरणं मला ठाऊक आहे. आमटीत मीठ घालायला तू कधी विसरली नाहीस, बंगल्यातल्या बाईसाहेबांचा काढा विसरली नाहीस, पोटच्या पोरीचं नाव मात्र दर बाजाराला विसरून यायचीस. म्हणून यात माझं नाव घालतच नाही. ओळख बघू. अक्षर सूनबाईचं आहे. मला अजून लिहिता येत नाही आणि तुला कधी वाचता आलं नाही, तेव्हा आपल्या दोघींच्या मधे हिचीच फुकट मेहनत. ती म्हणते, "आई, हळू सांगा, चहा गार होतोय." होऊ दे.

तुझा नातू इथे बर्मिंगहॅमला हॉस्पिटलात डॉक्टर आहे. त्याची ही बायको परक्या घरात राहून काम करणाऱ्या बायकांसाठी राबते. फिलिपिन्स म्हणून समुद्रातला देश आहे, तिथल्या बायका. स्वतःची पोरं आईपाशी ठेवून दुसऱ्यांची वाढवायला येतात. कुठे त्यांना नीट वागवतात, कुठे पासपोर्ट काढून घेतात, सुट्टी देत नाहीत, फोनही मालकिणीसमोर करायला लावतात. अशा बाईपर्यंत पोचायचं कसं? ती एकटी बाहेर पडते ती कुत्रं फिरवायला. म्हणून सूनबाई मला घेऊन पार्कात जाते आणि बाकावर बसवते. पातळ, वर स्वेटर, मांडीवर थर्मास, अशा म्हातारीचा संशय कुणाला येणार? मी चहा देते, चकली देते, आणि चकलीच्या कागदात सूनबाईच्या ऑफिसचा नंबर. मला तो वाचता येत नाही, पोचवता येतो. माझं इंग्रजी म्हणजे सिट, ईट आणि नो शुगर. तेवढ्यावर बायका शेजारी बसून रडून घेतात.

मागच्या थंडीत त्यातली एक आली ती उठेचना. परत जायचं नाही म्हणाली. सूनबाई म्हणाली, "हरकत नाही, पण आधी कुत्रं परत करायचं. नाहीतर उद्या चोरीचा आळ घेतील." पोरगी त्या घराच्या नावानंच बाकाची कड धरून बसली. मग काय, दोरी मी घेतली. जन्मात कुत्र्याला हात लावला नव्हता. बेल वाजवली, दार उघडलं, आणि स्वच्छ मराठीत सांगितलं, "घ्या तुमचं जनावर. पोरगी आता आमची." फाटकाशी सूनबाई तोंडावर हात धरून उभी. मराठीत बोललात म्हणून वाचलो, असं अजून ऐकवते. पुढे वकील लावून पासपोर्ट सोडवला, सूनबाईनंच तिला क्रॉयडनला व्हिसाच्या ऑफिसात नेलं, आता उत्तराची वाट बघणं चालू आहे. पोरगी मला लोला म्हणते. त्यांच्यात आजीला तसं म्हणतात.

रविवारी या सगळ्या बायका चर्चच्या हॉलमध्ये जमतात. कुणी घरी पाठवायची खोकी भरतं, कुणी सूनबाईपुढे आपलं गाऱ्हाणं मांडतं, मी भाताच्या पातेल्याशी असते. तिथून त्या घरी फोन लावतात, चेहरा दिसतो तसला. आमच्या पोरीचीही लेक आहे तिकडे, शाळेत जाणारी. तर एका रविवारी फोन लागला, लेक दिसली, आणि हिच्या तोंडून नाव गेलं ते त्या घरातल्या पोरीचं, जिला ही दिवसभर न्हाऊमाखू घालायची. लेकीनं फोन उताणा टाकला. नुसता छताचा पंखा फिरताना दिसत राहिला. त्यानंतर ती फोनवर येईना. तिची आजी सांगायची, अंघोळीला गेलीय, झोपलीय. हिचं जेवण सुटलं. व्हिसा नको, काही नको, घरी जाते, म्हणायला लागली. व्हिसावाल्यांनी मागितलेला आणखी एक कागद सूनबाई पुढे सरकवतेय आणि ही सही करत नाही.

आणि मी, आई, मनातून लेकीच्या बाजूची. तू बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन बंगल्यातून निघायचीस आणि मला ठेवलं होतंस त्या मामीच्या घरी वाट वाकडी करून यायचीस. दारातूनच हाक मारायचीस, ती बंगल्यातल्या पोरीच्या नावानं. मग जीभ चावायचीस. मी दाराआड. ओ देत नसे. तूप बंगल्यात राहायचं, कढवल्यावर तळाला उरलेली बेरी तुला मिळायची. ती साखर कालवून वडाच्या पानात आणायचीस, उंबऱ्यावर ठेवायचीस आणि उशीर होतोय म्हणून वळायचीस. तू बोळाच्या तोंडाशी गेलीस की मी बाहेर यायचे, पान उचलायचे. रुसवा वेगळा, बेरी वेगळी.

परवाच्या रविवारी पोरगी माझ्याशेजारी बटाटे सोलत होती आणि तिचे ओठ हलत होते. मी सूनबाईला म्हटलं, "विचार तिला, कुठला जप करतेय?" पोरीचं उत्तर सूनबाईनं मराठीत सांगितलं, "लोला, जप नाही. लेकीचं नाव घोकतेय. चुकून जर फोनवर आलीच, तर जीभ घसरायला नको." माझ्या हातातला डाव तसाच राहिला. आई, तू बोळातून येताना ओठ हलवत यायचीस. मला वाटायचं, रामराम म्हणतेस, नाहीतर भाजीचा हिशेब करतेस.

मी म्हटलं, फोन लावा. पातळ नेसलेली म्हातारी बघायला म्हणून का होईना, लेक आली. मी मराठीत, सूनबाई इंग्रजीत, पोरगी रडत त्यांच्या भाषेत, असं ते वरातीसारखं तिच्यापर्यंत पोचलं. मी सांगितलं, "बाळ, तुझी आई इथे बटाटे सोलते तेव्हासुद्धा तुझं नाव घेते. मी बघितलं." तिनं तोंड फिरवलं. एक कान आणि अर्धी वेणी दिसत होती. पोरीनं हाक मारायला तोंड उघडलं, पण भीतीनं शब्दच फुटेना. तेव्हा ती लेक फोनजवळ आली आणि स्वतःच स्वतःचं नाव सांगितलं, पाहुण्याला सांगावं तसं. मग पोरीनं तेच नाव म्हटलं. एकदा, परत एकदा, परत. भात लागला पातेल्याला.

एवढंच होतं ग. दाराआडून बाहेर येऊन सांगायचं, मी अमकी. मला सुचलं नाही, आणि तुला विचारायला आता तू नाहीस की ओठांवर खरंच माझं नाव होतं का. होतं, असं मी धरून चालते. सूनबाई विचारतेय, पत्ता काय घालू? राहू दे, उशीखाली ठेव. पण आई, खरं सांगते, आता तू कुठल्याही नावानं हाक मार, त्या बंगल्यातल्या पोरीच्या नावानं मार, मी ओ देईन. आणि यायला जमत नसेल तर बेरी तेवढी पाठव, वडाच्या पानात बांधून. साखर घाल. सूनबाई इथे "नको" लिहील, तिचं ऐकू नकोस. तूप राहू दे बंगल्यात.