कपाशीच्या औषधानं

मनकर्णावहिनी,

कपाशीवर औषध फवारताना मच्छिंद्रदादा कोसळला. शेवगावच्या डॉक्टरांनी सुई दिली, आता जीपनं नगरच्या सरकारी दवाखान्यात नेतोय. पांघरूण घ्यायला घरी आलो, तुम्ही बाजारातून आला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, “मेंदूत, नसांत निरोप पोचला की तो पुसून टाकणारं एक एन्झाइम असतं. या विषानं तेच बंद पाडलंय, म्हणून निरोप थांबतच नाहीत.” त्याचं सगळं अंग थरथरतंय, तोंडाला फेस आहे. मी विचारलं, “वाचेल ना?” ते हात धुवायला वळले.

त्याचे कपडे पडवीत आहेत, त्यांना हात लावू नका. दादाला चक्कर आली, एवढंच आईला सांगितलंय. मिळेल त्या गाडीनं या. पोरीला, सुमनला, शेजारी ठेवू नका, बरोबर आणा. त्यानं दोनदा तिचंच नाव घेतलं.

रंगनाथ