सतरा नंबरची डबी

१० फेब्रुवारी २००६, डोंगरकडा

आलो एकदाचा. सभ्य माणसं ज्या विषयावर नाक मुरडतात, तोच माझा रोजगार. गावकऱ्यांच्या शौचाचे नमुने डब्यांत भरून प्रयोगशाळेला धाडायचे. गेल्या उन्हाळ्यातली पहिली फेरी इथं दुसऱ्यानं केली, त्याची नावा-नंबरांची वही माझ्याकडे आहे. आतड्यात कोट्यवधी जंतूंची वस्ती असते, प्रत्येकाची निराळी, अंगठ्याच्या ठशासारखी. पाणी बदललं, औषध घेतलं, की ती उजाडते. मग तिथं परत कोण वसतं, हा प्रश्न. पारावर तासभर बोललो. लोक हसले, पण डब्या नेल्या. ‘रत्नपालसर’ म्हणायला लागले. सिंधूबाईंकडे खोली मिळाली. त्यांनी जात विचारली नाही, स्वतःच्या ताटातली भाकर मोडून दिली. माझ्या शंभर भाषणांना हे जमलं नसतं.

२१ फेब्रुवारी

इथलं पाणी लागलं. जुलाब. कडक गोळ्यांनी पोट धुऊन निघालं. सिंधूबाई तीन वेळा दही देतात. त्यांचा एकुलता एक मुलगा शिवहार गेल्या पावसाळ्यात विहिरीत बुडून गेला. तो बोटानंच विरजण लावायचा. तेच विरजण त्यांनी एक दिवसही मोडू दिलेलं नाही.

बरा झालो की माझाही नमुना धाडीन. सत्य आधी स्वतःवर तपासावं.

८ मार्च

प्रयोगशाळेचा फोन. माझी डबी बदलली म्हणे. आतला नमुना गेल्या वर्षीच्या सतरा नंबरचा, हुबेहूब. मी त्यांना झापलं. मग जुनी वही उघडली.

सतरा: शिवहार.

२२ मार्च

दुसरी डबी स्वतः भरली, लाखेनं बंद केली. पुन्हा सतरा.

दह्यात काय घालता, असं सिंधूबाईंना सरळ विचारलं. त्या हसल्या. आज सर म्हणाल्या नाहीत.

“उजाड घरात कुनीतरी ऱ्हायाला येनारच की, बाबा.”

२४ मार्च

दही बंद. उकळलेलं पाणी, पुड्यातली बिस्किटं.

दुपारी भानावर आलो तेव्हा माझं बोट विरजणाच्या गाडग्यात होतं.

२५ मार्च

पिशवी भरली. दहाची एसटी आली, गेली. मी गेलो न्हाई. काहून गेलो न्हाई?

— हे शब्द माझे नाहीत. मी असं लिहीत नाही. दोन-दोन तास बोलतो मी, एक शब्द न अडखळता —

२६ मार्च

मी रत्नपाल. मी रत्नपाल. मी रत्न —

माय दारात हाये. ताट वाढलंय. शिवहार म्हणून हाक मारून राहिली. ओ द्यायची नाही. ओ द्यायची न्हाई —

येऊन राहिलो, मा