अकरा कोळंब्यांची पेटी

ती. सेत्सुताईस,

धाकट्या तोकुजीचा वाकून नमस्कार. बंदरावरचा उकाडा ओसरला, सकाळी फरशीवर पाय गार पडतो. तुझे गुडघे या हवेत कुरकुरत असतील. कढत पाण्यात बसत जा, पण मोजून वीस मिनिटं, तासभर नव्हे. मी धडधाकट आहे, म्हणजे काल सकाळपर्यंत होतो. आता घाईत लिहितो आहे, अक्षराला हसू नकोस.

आमच्या गल्लीच्या टोकाला कागद, पाकिटं नि भेटी बांधायच्या दोऱ्या विकणाऱ्या नोसेबाई तुला आठवत असतील. त्यांचे यजमान सुतार होते, त्यांना जाऊन सात वर्षं झाली. यजमानांचा धार लावायचा दगड बाई कागदांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून ठेवतात. ताई, त्या दगडाची खाण कधीच बंद झाली. मी तेवीस वर्षं सुऱ्यांना धार लावतो, कुणा उस्तादाच्या पायाशी न बसता शिकलो, आणि असा दगड पाकिटं दाबत बसलेला पाहून माझं काळीज तुटतं. मागायचा कसा? तेव्हा मी युक्ती केली. भेट आली की परतभेट द्यावीच लागते, आणि बाईंच्या घरात देण्याजोगं दुसरं काही नाही हे मी चार फेऱ्या मारून पक्कं केलं होतं. (दोन फेऱ्यांत दगडाची स्तुतीही केली.)

अकरा कोळंब्या निवडल्या. विषम आकडा शुभ, आणि तेरा द्यायला मी कुठला जमीनदार. पट्टीने मोजून सारख्या लांबीच्या, लाकडी पेटीत नेच्याच्या पानावर मांडल्या, वरून लाल-पांढरी दोरी चढवली आणि पेटी बाईंकडे पोचवली.

तिसऱ्या दिवशी बाईंकडून ताय आला, तो मानाचा मासा. हातभर लांब, लालभडक, डोक्याशेपटीसकट, त्यालाही तशीच दोरी. दगड नाही म्हणून क्षणभर हिरमुसलो, पण कोळंबी देऊन ताय घरात येतो म्हणजे माझी बुद्धी काही गंजलेली नाही, या समाधानात मिठावर भाजून खाल्ला. काट्यांचं सूप केलं.

काल सकाळी गल्लीचे प्रमुख इसोगाई-सान काळा समारंभी पोशाख घालून आले आणि पंखा गुडघ्यांपुढे ठेवून बसले.

"तोकुजी-सान, मासा पोचला ना?"

"पोचला. उत्तम होता."

"होता? म्हणजे खाल्लात?"

"डोळ्यांसकट."

"वा, मग माझं कामच संपलं," म्हणाले आणि वाकून माझं अभिनंदन केलं. "तारीख कुठली धरायची?"

मी विचारलं, कसली तारीख. ते माझ्याकडे असे बघू लागले, जणू मीच भाजलेला मासा. मग त्यांनी सांगितलं. नेहमीच्या भेटीवर सुटणारी फुलाची गाठ बांधतात, कारण ते सुख पुन्हापुन्हा यावं. माझ्या पेटीवर होती ती न सुटणारी. लाल-पांढऱ्या दोरीत ती फक्त सोयरिकीच्या भेटीवर असते, कारण ते एकदाच व्हावं. बाईंनी गाठ ओळखून होकाराचा ताय पाठवला आणि मी तो पचवला.

(गाठींचं पुस्तक मी आख्खं पाठ केलं आहे. तेवढं एकच पान कसरीने खाल्लं होतं.)

"अहो, पण मला ठाऊक नव्हतं," मी म्हणालो.

"इतका नेमका माणूस, आणि ठाऊक नव्हतं? गल्लीत कोण विश्वास ठेवील?"

ताई, हे खरं आहे. नाही म्हणावं तर खाल्लेला मासा परत कसा करू, आणि हो म्हणावं तर एकट्याने मांडलेलं माझं घर गेलं. तू वडीलधारी आहेस. काय करू ते उलट टपाली कळव.

तुझा,
तोकुजी

ता. क. दोरी मी नोसेबाईंच्याच दुकानातून घेतली होती, हे आत्ता आठवलं. "सुटणारी गाठ की न सुटणारी?" असं त्यांनी विचारलं होतं. "माझ्या हातचं काही सुटत नसतं," मी म्हणालो. त्यावर त्या "थांबा, गाठ मीच बांधून देते" म्हणाल्या. म्हणजे गळ कोणी टाकला होता?

ता. क. २. उलट टपाली उत्तर नको, वेळ जाईल. बाबांचा कुळचिन्हाचा काळा किमोनो शनिवारच्या आत पाठव. इस्त्री मूळ घडीवरच.

ता. क. ३. दगड बाईंबरोबर इकडे येईल का, एवढं इसोगाई-सानांकडून विचारून घेतलं. निरोप आला: दगड दुकानातच राहील, कागद उडतात, तोकुजी-सानांनी सुऱ्या घेऊन इकडे राहायला यावं. माझा पत्ता बदलून घे.