स्वयंपाकघरात वाचलेलं मानपत्र

आई, मागच्या आठवड्यात माझा सत्कार झाला, आणि तो तुझ्या पद्धतीने व्हावा म्हणून मी इथल्या लोकांना थोडा त्रास दिला. तू गेलीस तेव्हा मी कतारला आलेही नव्हते, त्यामुळे सगळं पहिल्यापासून सांगायला हवं. मी इथे एका गॅस प्लांटमध्ये सुरक्षेचं काम बघते. धोक्याचं कुठलंही काम सुरू होण्याआधी जागा तपासायची, मगच परमिटवर सही करायची, आणि शंका असली तर सही करायची नाही. लोक चिडतात, चिडू द्यायचं. अधूनमधून हेच शिकवायला मी विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या मुलांकडेही जाते. त्या विद्यापीठात यंदा ऑनर सोसायटीची शाखा निघाली. म्हणजे अभ्यासात पुढे असलेल्या मुलांना मानाने आत घेणारं एक मंडळ, असं समज. शाखा सुरू होते त्या दिवशी मुलांच्या आधी काही जाणत्या माणसांचा गौरव करून त्यांना सन्माननीय सदस्य करून घेतात. त्या जाणत्यांत यंदा तुझी लेक होती. हसू नकोस.

व्यासपीठावर माझ्याबद्दल काय वाचणार ते त्यांनी आधी मला पाठवलं. तारखा आणि हुद्दे तेवढे तपासा, असं म्हणणं होतं. मजकूर इंग्रजीत होता, पण मानपत्र कुठल्याही भाषेत मानपत्रच. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला सगळ्या जगाला सारखंच आवडतं. दूरदर्शी काय, निर्भीड काय! मी मोठ्या चवीने वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. शेवटी एक वाक्य होतं, की ह्या बाईंनी घर आणि काम दोन्ही सारख्याच निष्ठेने सांभाळलं. तारखा बरोबर होत्या, हुद्देही बरोबर होते. त्या वाक्यापाशी मात्र मला तुझी आठवण आली.

गावात कुणी निवृत्त झालं, की मानपत्र लिहिणार शाळेतल्या मराठीच्या बाई, म्हणजे तू. आणि तुझा तो हट्ट. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्या माणसाच्या घरी जायचं, तो घरात नसताना, आणि स्वयंपाकघरात बसून घरच्या बाईला सगळं वाचून दाखवायचं. बाबा म्हणायचे, कशाला लोकांच्या घरात भांडणं लावतेस. तू म्हणायचीस, "जगाला काय, काहीही खरं वाटतं. घरच्यांना वाटलं पाहिजे." मला सोबत न्यायचीस, आणि मी यायचे ती त्या घरी मिळणाऱ्या लाडवासाठी. दवाखान्यातल्या कंपाउंडरकाकांचं घर मला अजून दिसतं. काकू स्टोव्हपुढे पोळ्या करतायत आणि तू पाटावर बसून वाचतेयस. 'मितभाषी' हा शब्द येतो, आणि काकू उलथनं हातात तसंच धरून तुझ्याकडे बघतात. "बाहेर असतील," त्या म्हणतात. तू शांतपणे तो शब्द खोडतेस आणि विचारतेस, मग कसे आहेत ते सांगा. काकूंची तव्यावरची पोळी करपते. मग सांगतात, की दवाखान्यात एखादं मूल फार आजारी असलं, तर त्या दिवशी घरी आल्याआल्या हे आधी आमच्या झोपलेल्या पोरांच्या कपाळाला हात लावून बघतात. दुसऱ्या दिवशी तू तेच लिहून वाचलंस. काकांनी अंगावरची शाल डोळ्यांना लावली, आणि पुढे अध्यक्षांचं भाषण कुणी ऐकलं नाही.

तर इथे अल वक्रा गावातल्या आमच्या घरी मी लेकीला ओट्याशी गाठलं. तुझी नात, तू न पाहिलेली. त्याच विद्यापीठात शिकते, मराठी सगळी कळते, उत्तर मात्र बहुतेक इंग्रजीतून. ती स्वतःसाठी सँडविच करत होती. मी म्हटलं, एक वाचून दाखवते, खोटं वाटेल तिथे थांबव. तिला आधी गंमत वाटली. 'व्हिजनरी'ला ती हसली, पण जाऊ दे म्हणाली. शेवटच्या वाक्याला हसली नाही, नुसती काकडी चिरत राहिली. हे मी फक्त तुझा नियम म्हणून विचारत नव्हते, हे तेव्हा मला कळलं. तिच्या लहानपणी प्लांटचा शटडाउन लागला, की सगळं बंद ठेवून दुरुस्ती चालायची, आणि मी कित्येक दिवस फक्त झोपायला घरी यायचे. तिच्या वेण्या तिच्या बाबांनी घातल्या, तिची गॅदरिंग त्यांनी बघितली. मी तिला आई म्हणून कशी वाटले, हे इतक्या वर्षांत मी तिला विचारलंच नव्हतं. विचारायची छाती झाली नव्हती, असं म्हण.

"दॅट्स नॉट ट्रू, आई," ती म्हणाली. "इक्वल नव्हतं."

मी म्हटलं, बरं, खोडते. मग तू विचारायचीस तसंच विचारलं, की कसं होतं ते सांग. तिने सुरी खाली ठेवली.

"यू नेव्हर लाइड अबाउट इट," ती म्हणाली. "माझ्या फ्रेंड्सच्या आया सांगायच्या, येते, येते. आणि यायच्या नाहीत. तू येणार नसलीस तर सकाळीच सांगायचीस. मला राग यायचा. पण तू येते म्हणालीस ना, की मी गेटपाशी जाऊन उभी राहायचे. आय नेव्हर हॅड टू वंडर."

एवढं बोलून ती सँडविच घेऊन खोलीत निघून गेली. मी ओट्यापाशी उभी राहून रडले, आणि मग उरलेली काकडी खाल्ली.

कार्यक्रमाचं बघणाऱ्या प्राध्यापक बाई जॉर्डनच्या. मी फोन केला तेव्हा त्यांना वाटलं, मला स्तुती आणखी वाढवून हवी आहे. एक वाक्य काढायचंय आणि त्या जागी मुलीचं घालायचंय म्हटल्यावर त्या गोंधळल्या. बाकीच्यांच्या मजकुरात असं घरगुती काही नाही, समोर मोठे पाहुणे असतील, बरं दिसेल का, असं म्हणाल्या. मी म्हटलं, बरं दिसेल की नाही ठाऊक नाही, पण खरं आहे. शेवटी हसल्या आणि म्हणाल्या, खलास, म्हणजे त्यांच्या अरबीत 'झालं तर', तुमचा सत्कार, तुमची जबाबदारी.

शाल नव्हती, नारळ नव्हता, गळ्यात रिबिनीचं एक पदक घातलं. नवी मुलं कडक इस्त्रीच्या कपड्यांत ओळीने उभी होती. निवेदकाने शेवटी वाचलं, की ही बाई येते म्हणाली तर येते, येणार नसली तर आधी सांगते, असं तिची मुलगी म्हणते. सभागृहात थोडी हसण्याची लाट आली. मी पाहुण्यांकडे बघायचं सोडून लेकीला शोधलं. ती तिच्या बाबांशेजारी बसली होती. खरंच ना, एवढंच मला तिला विचारायचं होतं. तिने हो म्हणून मान हलवली.

आणि त्याच क्षणी मला तुझा सत्कार आठवला. तू निवृत्त झालीस तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. तुझं मानपत्र हेडमास्तरांनी लिहिलं, आणि आपल्या स्वयंपाकघरात वाचून दाखवायला कुणी आलं नाही. 'आदर्श शिक्षिका आणि आदर्श माता' असं त्यांनी वाचलं, आणि शाल सावरता सावरता तू एकदम माझ्याकडे बघितलंस. मी मैत्रिणींच्या घोळक्यात बसले होते. मला वाटलं, पाय हलवू नकोस, नीट बस, असं सांगतेयस. मी नीट बसले.

तर तुझ्या त्या बघण्याचं उत्तर आता देते. 'आदर्श' खोडून टाक. सगळ्या शाळेच्या वह्या तपासून झाल्यावर माझी पाळी यायची, आणि तोवर बऱ्याचदा मला झोप लागलेली असायची. पण मी काही सांगायला आले, की तू अर्ध्या वाक्यावर असलीस तरी पेनाला टोपण लावायचीस आणि माझं संपेपर्यंत ते काढायची नाहीस. हेडमास्तरांनी एवढंच वाचलं असतं तर मीही मान हलवली असती. तू गेल्यावर असं टोपण लावून माझं ऐकणारं मला कुणी भेटलं नाही, आणि मला तुझी फार आठवण येते.

हे पाठवायला जागा नाही, आणि वाचून दाखवायला आपल्या घरात आता बाबाही नाहीत, तेव्हा राहू दे माझ्यापाशीच. फक्त एक कबूल करते. त्या दिवशी हेडमास्तर खरोखरच घरी आले असते आणि त्यांनी मला विचारलं असतं, तर ह्यातलं एक अक्षर मला सुचलं नसतं. मी म्हटलं असतं, आमटी फार पातळ करते.